घासून काढलेलं 'मूळ रूप'

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा एका स्नेह्यांनी आपल्या घरातल्या लाकडी जमिनीची कथा लिहिली आहे. कार्पेट उचकटलं, खाली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फळ्या निघाल्या, भाड्याचं मशीन आणून दोन दिवसांत त्या घासून काढल्या, वर वार्निशचे तीन हात दिले आणि घराला त्याचं 'मूळ रूप' परत मिळालं. लेख झकास उतरलाय. फोटोंत जमीन मधाच्या रंगाची, आरशासारखी दिसते. मी वाचून गप्प बसणार होतो. पण अंक घरोघरी पोचल्यापासून तीन जणांनी मला ते मशीन भाड्याने कुठे मिळतं म्हणून विचारलं, तेव्हा उत्तर देणं भाग पडलं. कार्पेट काढा, खुशाल काढा. फळ्यांना मशीन लावू नका. स्नेह्यांनी ज्याला मूळ रूप म्हटलंय ते त्या घराचं कधीच नव्हतं, आणि जे होतं ते त्यांनी धुळीच्या पिशवीत भरून टाकून दिलं.

आधी कबुली. इंग्लंडातल्या रेडिंगमधल्या आमच्या घरात पुढच्या खोलीची जमीन मी स्वतः, याच पद्धतीने, नऊ वर्षांपूर्वी घासली आहे. तेव्हा 'करून करून भागला नि देवपूजेला लागला' हा टोमणा कुणी मारायच्या आत मीच मारून घेतो.

घर १८९०च्या दशकातलं. इथल्या बिस्किट कारखान्याच्या भरभराटीच्या काळात लाल विटांच्या ज्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांतलं एक. आम्ही आलो तेव्हा जिन्यापासून माळ्यापर्यंत सगळीकडे तपकिरी कार्पेट होतं. पुढच्या खोलीतलं उचललं तेव्हा खालच्या रबरी फेसाचा भुगा झालेला होता. त्याखाली लिनोलियमचे तुकडे, त्याखाली १९५०च्या दशकातली वर्तमानपत्रं, आणि त्याखाली फळ्या. खोलीच्या मधला भाग राखाडी-तपकिरी, फिकट. भिंतींच्या कडेने मात्र चारी बाजूंनी दीड हात रुंदीचा काळपट पट्टा. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी सांडून, माखून ठेवलंय. तो पट्टा घासताना माझे चाळीस नंबरचे चार पॉलिशपेपर चिकटून वाया गेले, आणि मी त्या अज्ञात इसमाला मनसोक्त शिव्या घातल्या. तो इसम कोण होता आणि त्याने काय केलं होतं, ते मला जमीन घासून झाल्यावर सहा महिन्यांनी कळलं.

व्हिक्टोरियन काळात मध्यमवर्गीय घराच्या दर्शनी खोलीत उघडी, चकचकीत पाइनची जमीन ठेवत नसत. पाइन म्हणजे स्वस्त लाकूड, झाकायचंच लाकूड. आधी भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट ठोकायची पद्धत होती. मग स्वच्छतेचं वारं सुटलं. चार्ल्स ईस्टलेक यांचं गृहसजावटीवरचं पुस्तक १८६८ साली आलं आणि चांगलंच गाजलं. खोलीचा कोपरान् कोपरा कार्पेटने भरून टाकायच्या चालीवर त्यांनी त्यात टीका केली आहे. कार्पेट मधोमध चौकोनी घालावं, कडेला लाकूड मोकळं सोडावं, म्हणजे ते उचलून अंगणात नेऊन झोडपता येतं, हा विचार पुढे घरोघरी रुजला. व्हॅक्यूम क्लीनर अजून यायचा होता. ह्यूबर्ट बूथ यांचं मशीन १९०१चं, आणि तेही घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभं करावं लागे. मोकळी राहिलेली कड गडद रंगवायची, म्हणजे स्वस्त पाइन दुरून तरी ओक किंवा अक्रोडासारखं दिसे. माझा काळा पट्टा तो हाच. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी गुडघ्यांवर बसून, खोलीभर सरकत, मन लावून रंगवलेली कड. त्या खोलीत मूळ म्हणावं असं काही शिल्लक असेल तर ते तेवढंच होतं.

ज्यांना चौकोनी कार्पेटही परवडत नव्हतं त्यांनी लिनोलियम घातलं. फ्रेडरिक वॉल्टन यांनी त्याचं पेटंट १८६३ साली घेतलं आणि कारखाना काढला स्टेन्सला, हीथ्रोच्या जवळच. जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुगा मिसळायचा आणि ज्यूटच्या कापडावर थापायचं. हे ज्यूट मुख्यतः बंगालचं. म्हणजे या घरांच्या जमिनीत आपल्या बाजूचंही काहीतरी पूर्वीपासून होतं, पण आम्ही ते कचऱ्याच्या गाडीत टाकून मोकळे झालो. उघड्या फळ्या असत त्या नोकरांच्या खोल्यांत आणि वरच्या साध्या झोपायच्या खोल्यांत. त्यांना ना वार्निश, ना पॉलिश. साबण, सोडा, कधी वाळू घेऊन त्या घासघासून धूत, आणि धुऊन धुऊन त्या राखेसारख्या फिक्या पडत.

आता सांगा, मूळ रूप कोणतं? काळ्या कडेचं, लिनोलियमचं की राखाडी धुतलेल्या फळ्यांचं? या तिन्हींत मधाचा रंग कुठेच नाही. तो रंग अलीकडचा. १९९६ साली आयकियाने ब्रिटनमध्ये जुनं फुलाफुलांचं सामान फेकून द्या अशी जाहिरात चालवली, त्याच वर्षी बीबीसीवर शेजाऱ्यांच्या खोल्या दोन दिवसांत पालटून देणारा कार्यक्रम सुरू झाला, आणि कार्पेट म्हणजे मागासलेपण असं एका पिढीच्या मनाने घेतलं. त्या हौसेला माझी हरकत नाही. कुणाला १९९६ची जमीन आवडते, कुणाला १८९६ची. पण १९९६ला १८९६ म्हणू नये, एवढंच मागणं आहे.

स्नेह्यांचा सगळ्यात बिनतोड वाटणारा मुद्दा सप्तशृंगीचा आहे. २०२२ साली वणीच्या गडावर देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे थर उतरवले आणि आतलं पाषाणातलं रूप दिसलं. ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले, हात जोडले. "तिथे थर काढणं जर जीर्णोद्धार, तर इथे का नाही?" असं ते विचारतात. दाखला खरोखर चांगला आहे, फक्त तो त्यांच्या बाजूचा नाही. गडावर जे काढलं ते पाषाणावर चढलेलं होतं. पाषाणाला कुणी हात लावला नाही. शेंदूर निघाला आणि शिल्पकाराची छिन्नी जिथे थांबली होती तिथे काम करणारे थांबले. लाकडावर मशीन असं कुठेच थांबत नाही. मळ, मेण, रंग आणि लाकूड यांतला फरक त्या फिरत्या पॉलिशपेपरला कळत नाही. त्याच न्यायाने मूर्तीला ग्राइंडर लावून 'आतलं खरं रूप' काढलं असतं, तर स्नेही स्वतः मोर्चा घेऊन निघाले असते. कार्पेट, फेस, लिनोलियम, गोंद हा आपला शेंदूर. तो अवश्य उतरवा. फळीचा वरचा पापुद्रा हा शेंदूर नव्हे.

हा वाद इंग्रजांना नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या चर्चेसना 'मूळ' मध्ययुगीन रूप द्यायच्या उत्साहात भिंतींचे गिलावे खरवडले गेले, नंतरच्या पिढ्यांनी केलेल्या भरी पाडल्या गेल्या. त्या खरवडण्याला वैतागून विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं घरगुती नाव पडलं 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडविरोधी मंडळ. दुरुस्ती करा, नूतनीकरण करू नका, असं तिचं तेव्हापासून आजतागायत सांगणं आहे. मॉरिसच्या नक्षीचे वॉलपेपर भिंतीला लावून त्याच खोलीत ड्रम सँडर, म्हणजे हेच घासायचं मशीन, चालवणारी घरं मी पाहिली आहेत. एक तर माझंच.

आता खुद्द लाकडाबद्दल. या फळ्यांना 'साधं पाइन' म्हणून लोक हिणवतात. साधं खरं, पण बाजारात आज मिळतं ते पाइन हे नव्हे. हे बहुतेक बाल्टिक आणि उत्तर रशियाकडून आलेलं. रीगा, मेमेल, स्वीडनचं येवले, रशियाचं आर्खांगेल्स्क अशा बंदरांतून जहाजं भरून निघत. थंडीत हळूहळू वाढलेली झाडं, त्यामुळे वर्षांची वलयं दाट, कापलेल्या टोकाकडून पाहिलं तर वहीच्या कडेसारखी. लंडनच्या सरे डॉक्समध्ये हमाल हे लांबच लांब तक्ते खांद्यावर तोलून, अरुंद फळ्यांवरून पळत उतरवीत. त्या गोद्या १९७० साली बंद झाल्या. आता तिथे कॅनडा वॉटर स्टेशन आहे आणि तळ्याकाठी त्या हमालांचं शिल्प आहे. मी एकदा मुद्दाम पाहून आलो. फळ्यांचं ते ओझं पाहताना माझ्या खोलीतून निघालेल्या भुशाच्या पिशव्या आठवल्या. पाच भरल्या होत्या.

अशा फळीची जाडी साधारण बावीस मिलीमीटर. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवलेली असेल, तर त्या जिभेच्या वर जेमतेम आठ मिलीमीटर लाकूड उरतं. सव्वाशे वर्षांत फळ्या थोड्या वाकतात, कडा उचलल्या जातात. मशीनने ते सगळं एका पातळीत आणायचं तर दोन-तीन मिलीमीटर सहज जातात. कुणीतरी आधी एकदा घासलेलं असेल तर हिशेब आणखी बिघडतो, आणि पुढचा मालक तिसऱ्यांदा घासणार असतो. मग कडेच्या चिपा उडतात आणि जीभ उघडी पडते. लाकडाचा जो खोल, तपकिरी वर्ण आपल्याला 'जुना' म्हणून मोहवतो, तो हवेने आणि उजेडाने वरच्या पापुद्र्यापुरताच आलेला असतो. तो खरवडला की खाली निघतं पिवळं, कोऱ्या खोक्यासारखं लाकूड. त्यावर तेलाचं पॉलियुरेथेन वार्निश दिलं की दोन-चार वर्षांत ते नारिंगी होतं. स्नेह्यांचा फोटो पहिल्या आठवड्यातला आहे. माझ्या खोलीचा नऊ वर्षांनंतरचा फोटो पुढच्या अंकात छापायची माझी तयारी आहे.

'दोन दिवसांचं काम' या शब्दांवर तर माझा खास राग आहे. त्या दोन दिवसांत काय काय होतं हे लेखात नाही. ड्रम फिरत असताना मशीन क्षणभर जागेवर थांबलं की जमिनीत खळगा पडतो, आणि तो कायमचा. माझ्या खोलीत तीन आहेत, संध्याकाळी तिरपा उजेड आला की मोजता येतात. खिळे आधी तीनेक मिलीमीटर आत ठोकावे लागतात, नाहीतर कागद फाटतो. ते जुने चपटे खिळे ठोकताना खाली काय आहे ते दिसत नसतं, आणि हीटिंगचे पाइप, विजेच्या तारा, क्वचित गॅसची नळी फळीच्या लगेच खाली तुळईत खाच पाडून नेलेली असते. आमच्या ओळखीच्या एका घरी असाच एक खिळा पाइपात गेला आणि खालच्या खोलीचं छत भिजलं.

भुंग्याची तर वेगळीच गंमत. फळीवर दीड-दोन मिलीमीटरची चार-पाच गोल भोकं दिसतात. बहुतेक वेळा भुंगे कधीच उडून गेलेले असतात, ताजी पिठासारखी भुकटी पडत नसेल तर काळजीचं कारण नसतं. पण अळीने आत पोखरलेले बोगदे त्या भोकांच्या खाली आडवे पसरलेले असतात. वरचा पापुद्रा आहे तोवर ते झाकलेले राहतात. मशीन फिरलं की सगळे उघडे पडतात आणि चार भोकांच्या जागी नदीनाल्यांचा नकाशा तयार होतो. माझ्या खिडकीखालच्या तीन फळ्या अशाच गेल्या.

धुळीबद्दल स्नेही "थोडी धूळ होते" एवढंच लिहितात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ब्रिटनमध्ये शिशाचे रंग सर्रास विक्रीतून गेले ते १९९२ साली, तेव्हा कडेच्या पट्ट्यात किंवा भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीवर ते सापडलं तर नवल नाही. घरात रांगतं मूल असेल तर ती धूळ कोरडी घासून उडवणं हा निव्वळ अविचार आहे. कार्पेटखाली नऊ इंची चौकोनी टाइल आणि काळा डांबरी गोंद निघाला तर आणखी सावध राहा. त्या काळच्या टाइलमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, इथे त्यावर पूर्ण बंदी आली १९९९ साली. तिथे हात न लावता आधी तपासणी. हे एक वाक्य जरी छापलं असतं तरी लेखाचं पारडं जड झालं असतं.

उरलेले मुद्दे झटपट. उघड्या लाकडाने घर ऊबदार होतं म्हणे. तळमजल्यावर फळ्यांखाली पोकळी असते आणि बाहेरच्या जाळीच्या विटांतून तिथे वारा खेळतो. तो खेळायलाच हवा, विटा बुजवल्या तर तुळया कुजतात. पण तोच वारा फळ्यांच्या फटींतून घोट्यांना लागतो. जानेवारीत आमच्याकडे या, मग ऊबेबद्दल बोलू. कार्पेटपेक्षा लाकूड झाडायला सोपं, हे मान्य. फ्लॅट असेल तर खालच्या शेजाऱ्यांनाही विचारा, आणि कित्येक भाडेपट्ट्यांत कार्पेट ठेवायची अटच असते ती वाचा. घराची किंमत वाढते का, या प्रश्नात मला रस नाही.

खरं तर आपल्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. जमीन राखायची म्हणजे काय करायचं, हे आपल्या घरांत ठाऊक होतं. माझी आजी दर चार दिवसांनी पडवी सारवायची. पोपडे निघाले म्हणून कुणी जमीन खरवडून काढली नाही, वर हात फिरवला. भांड्याची कल्हई गेली की कल्हईवाला तांबं तासत नसे, नवा कथलाचा थर देई. आणि आता पुण्यातल्या उतरवलेल्या वाड्यांचे सागवानी दरवाजे चकाचक घासून, वार्निश मारून कॉफीची टेबलं झालेली आपण कौतुकाने पाहतो. ते इथे येऊन आपण पाइनवर करतो आहोत.

मागच्या खोलीत मी मशीन नेलं नाही. आधी एक फळी उचलून खाली पाहिलं. तुळया कोरड्या होत्या. मग पक्कड घेऊन कार्पेटच्या पट्ट्या, चुका, पिना उपसल्या, त्यालाच दोन संध्याकाळी गेल्या. व्हॅक्यूम. मग कोमट पाण्यात थोडा साबण, फडकं घट्ट पिळून, एका वेळी दोन फळ्या, लगेच कोरडं पुसून. पाणी काळं निघालं. मेणाची जुनी पुटं होती तिथे टर्पेंटाइन आणि बारीक स्टीलवूल. दोन फळ्या कुजल्या होत्या, त्यांच्या जागी पाडलेल्या घरांतून आलेल्या त्याच मापाच्या जुन्या फळ्या सुताराने बसवल्या. रुंद फटींत लाकडाच्या चिरफळ्या, अरुंद फटी तशाच. वर मेणाचे दोन हात. कडेचा काळा पट्टा जिथे झिजला होता तिथे जुळणारा रंग दिला, बाकी आहे तसा. मधोमध सतरंजी. खर्च मशीनच्या भाड्याहून कमी आला, वेळ तिप्पट लागला. जुन्या शेगडीसमोर निखाऱ्यांनी पडलेले तीन काळे डाग मी ठेवले आहेत. आई आली तेव्हा तिने पहिल्याच सकाळी बादलीभर पाणी घेऊन लादी पुसतात तशी जमीन पुसायला काढली, तो मात्र एक बाका प्रसंग होता.

सँडर कधीच वापरू नये असं नाही. फळ्यांवर डांबर ओतलेलं असेल किंवा मागच्या मालकाने आधीच घासून नारिंगी करून ठेवल्या असतील, तर दुसरा मार्ग नसतो. माझ्या पुढच्या खोलीला आता तेच करावं लागेल आणि त्याची मला लाज वाटते. पण तो नाइलाज आहे, पहिली पायरी नव्हे.

स्नेह्यांच्या घरी वरच्या मजल्यावरची मागची खोली अजून कार्पेटखाली आहे आणि मशीन पुढच्या महिन्यात पुन्हा आणायचा बेत आहे, असं वहिनींकडून कळलं. माझी विनंती आहे, मशीन सांगण्याआधी एक रविवार मला द्या. बादली आणि फडकी मी घेऊन येतो.